नाशिकची शिराझ आणि भाजलेलं वाटण: बाटली निवडण्यापासून ताट वाढण्यापर्यंत

सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून गॅसवर फिरवली की आधी तिला तेल सुटतं, मग कडेनं बारीक ज्योत पकडते. ती फुंकून विझवली की जो धूर वर येतो, तो वास एकदा नीट लक्षात ठेवा. नाशिकच्या शिराझबरोबर, म्हणजे शिराझ नावाच्या द्राक्षाच्या रेड वाइनबरोबर, काय जेवावं हा प्रश्न मला कुणी विचारला, तर माझं उत्तर त्या वासापासून सुरू होतं.

रेड वाइन मटणाबरोबर आणि व्हाइट माशांबरोबर, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आपल्या ताटाला हा नियम पुरत नाही. तेच मटण पांढऱ्या रश्श्यात वेगळं लागतं, सुक्यात वेगळं आणि खानदेशी काळ्या मसाल्यात तिसरंच. आपल्याकडे पदार्थाचा स्वभाव ठरवतं ते वाटण. म्हणून वाइन निवडताना भांड्यात मटण आहे की वांगं, हे मी नंतर बघते. वाटण कच्चं आहे की भाजलेलं, त्यात गूळ-चिंच किती, तिखट किती आणि वर तेलाचा तवंग किती, हे आधी बघते. भाजलेलं वाटण, बेताचं तिखट आणि पुरेसं तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर नाशिकची शिराझ छान जुळते, मग ते मांसाहारी असो की शाकाहारी.

आधी वाइनची ओळख

महाराष्ट्रात व्यापारी पातळीवर वाइन करण्याची आजची परंपरा 1980च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या प्रयत्नांनी सुरू झाली. नाशिकचं नाव झालं ते पुढे, राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आल्यानंतर. 2001मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात वाइनरी उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला आता भौगोलिक मानांकनही आहे.

द्राक्षाला इथलं हवामान मानवतं ते उंचीमुळे आणि हिवाळ्यामुळे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. थंडीच्या दिवसांत राज्यातल्या सर्वांत कमी तापमानाची बातमी निफाडहून येते, हे आपण दरवर्षी वाचतो. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की द्राक्षात साखर भरते, पण आंबटपणा अगदीच उतरत नाही. युरोपात वेली हिवाळ्यात झोपतात आणि शरद ऋतूत तोडणी होते. आपल्याकडे हे चक्र उलटं चालतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. लाल वाइनची द्राक्षं बहुतेक शेवटच्या टप्प्यात निघतात.

फेब्रुवारीअखेर एखाद्या बागेत जायचा योग आला, तर परवानगी घेऊन शिराझचा एक मणी तोंडात टाकून बघा. खायच्या थॉमसन जातीच्या द्राक्षापेक्षा तो कितीतरी लहान असतो, साधारण छोट्या करवंदाएवढा. साल जाड, आत बिया, आणि गोडी इतकी की ओठ चिकटतात. गर संपल्यावर साल थोडी चावत राहा. बोटं जांभळी होतात आणि जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी जड होते. रेड वाइनचा रंग आणि बराचसा तुरटपणा त्या सालीतून येतो. रस मुळात जवळजवळ बिनरंगी असतो. ठेचलेली द्राक्षं सालीसकट आंबवतात, म्हणून वाइनला रंगही चढतो आणि तुरटपणाही. या तुरटपणामागचं द्रव्य म्हणजे टॅनिन. आपल्याला हा शब्द शिकायला अवघड नाही, कारण सुपारी, कच्चं केळं, आवळा आणि जांभूळ खाऊन मोठी झालेली आपली जीभ ‘तुरट’ चव स्वतंत्रपणे ओळखते.

शिराझची दुसरी खूण म्हणजे मिरीचा वास. तो कल्पनेचा खेळ नाही. या द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, आणि काळ्या मिरीला तिचा खास वास देणारं द्रव्यही तेच. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, त्यामुळे तुमच्या घरात कुणी “मला नाही बाई मिरी लागत” म्हणालं तर त्यांच्यावर अविश्वास दाखवू नका. जाता जाता, नाव शिराझ असलं तरी या द्राक्षाचं मूळ फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात आहे. इराणमधल्या शिराझ शहराशी त्याचं रक्ताचं नातं नाही.

बाटली निवडताना

दुकानात उभं राहिल्यावर तीन गोष्टी वाचा.

पहिली, द्राक्षाचं नाव. नुसतं ‘रेड वाइन’ लिहिलेली बाटली पहिल्या प्रयोगाला घेऊ नका, शिराझ असंच लिहिलेलं असावं. सुला, यॉर्क, ग्रोव्हर झांपा, व्हॅलोने अशा बऱ्याच नाशिककर वाइनरींची शिराझ मिळते, कुठे एकटी, कुठे दुसऱ्या द्राक्षाबरोबर मिसळून. रेडच्याच दुसऱ्या द्राक्षांपैकी कॅबर्ने सॉव्हिन्याँ जास्त तुरट असते, तिला चरबीदार मटण लागतं. झिनफँडेल फळाळ आणि कमी तुरट, म्हणून थोड्या तिखट जेवणाला ती शिराझपेक्षा बरी. निफाडजवळच्या कुंदेवाडीची रेव्हिलो इटालियन जातींच्या वाइन करते. नाशिक सोडून दक्षिणेला गेलं तर अकलूजच्या फ्रातेलीची सांजोवेझे आहे. तिच्यात आंबटपणा चांगला असतो, त्यामुळे टोमॅटो किंवा आमसूल असलेल्या भाजीपुढे ती फिकी पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाटलीवरचं वर्ष. आपल्याकडे तोडणी वर्षाच्या सुरुवातीला होते, त्यामुळे बाटलीवर 2023 असेल तर ती द्राक्षं 2023च्या जानेवारी ते मार्चमध्ये तोडलेली. साधी, पिंपात न मुरवलेली शिराझ ताजी प्यायची असते. दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी आणि दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

तिसरी गोष्ट या लेखासाठी सर्वांत महत्त्वाची. ‘रिझर्व्ह’ लिहिलेलं आहे का? ही वाइन बहुधा ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असते. मागच्या लेबलवर तसं लिहिलेलं असतं, ते वाचून खात्री करा. ओकमधून, विशेषतः अमेरिकन ओकमधून, वाइनमध्ये एक द्रव्य उतरतं त्याचा वास खोबऱ्यासारखा असतो. पिंप आतून शेकलेलं असल्यामुळे त्याबरोबर भाजल्याचा आणि लवंगेसारखा वासही येतो. खोबरं, भाजका वास, लवंग आणि द्राक्षाची स्वतःची मिरी, हे सगळं एका ओळीत लिहिलं की आपल्याच मसाल्याच्या डब्याची यादी होते. भाजलेल्या वाटणाला मी ओकमध्ये मुरवलेली शिराझ घेते ती याच कारणासाठी. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ या प्रकारातली सहज मिळणारी बाटली आहे.

बाटली 750 मिलीलिटरची असते. एका ग्लासात 150 मिली धरलं तर पाच ग्लास होतात, म्हणजे चार जणांच्या जेवणाला एक बाटली पुरते. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वयाची अट पाळा. ज्याला गाडी चालवत घरी जायचं आहे त्याला कोकम सरबत द्या आणि आग्रह करू नका.

गार करणं, उघडणं, ओतणं

‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी आहे. रेडला 16 ते 18 अंश तापमान लागतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये स्वयंपाकघरात 34-35 अंश असतात. त्या तापमानाला शिराझ ओतली तर नाकाला फक्त अल्कोहोल झोंबतो आणि फळाचा वास दबून जातो. “भारतीय रेड फार उग्र असते” असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांना मी तीच बाटली गार करून दिली आहे आणि त्यांचं मत बदललं आहे.

उन्हाळ्यात बाटली साधारण तासभर फ्रिजमध्ये ठेवा, डिसेंबर-जानेवारीत 20-25 मिनिटं पुरतात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात 10-12 मिनिटं बाटली बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाण्यात ती लवकर गार होते, कारण पाणी काचेला सगळीकडून टेकतं. तापमापक नसेल तर बाटलीला हात लावून बघा. माठातल्या पाण्याइतका गारवा हाताला लागला की झालं. वाइनमध्ये बर्फ मात्र टाकू नका.

बऱ्याच भारतीय बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. त्यावरून वाइन हलकी समजू नये, ताजेपणा टिकवायला ते झाकण चांगलंच असतं. ओकची शिराझ जेवणाआधी अर्धा तास उघडावी. पण नुसती उघडून ठेवल्यानं फारसं काही होत नाही, कारण हवा लागते ती फक्त गळ्याएवढ्या जागेला. काचेच्या रुंद जगमध्ये ओतून ठेवा. वाइन मोकळी होते आणि तुरटपणाची धार थोडी बोथट होते. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असावा, तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरावा, म्हणजे फिरवायला जागा राहते.

पाच घासांची परीक्षा

हा भाग वगळू नका. यादी पाठ करून वाइन-जेवणाचं गणित येत नाही, पण हा प्रयोग एकदा केला की आयुष्यभर उपयोगी पडतो. खर्च म्हणजे अर्धा ग्लास वाइन आणि एक भाकरी.

एका ताटलीत पाच गोष्टी घ्या: मीठ, लिंबाची फोड, गुळाचा खडा, लाल तिखट लावलेला भाकरीचा तुकडा आणि भरपूर तूप लावलेला दुसरा तुकडा. आधी नुसत्या वाइनचा एक घोट घ्या, तोंडात सगळीकडे फिरवा आणि गिळून हिरड्यांकडे लक्ष द्या. तिथे जो कोरडेपणा येतो तो टॅनिनचा. आपल्या लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन धरून बसतं, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत वाटतं.

आता मिठाचा कण जिभेवर ठेवा आणि घोट घ्या. वाइन एकदम मवाळ होते, फळ पुढे येतं. लिंबानंतरचा घोट कमी आंबट आणि थोडा गुळगुळीत लागतो. मग गूळ. हा घोट बऱ्याच जणांना दचकवतो, कारण मघाशी छान लागणारी वाइन पातळ, आंबट आणि कडवट होऊन जाते. वाइन होती तीच आहे, जिभेवर आधीच गोडी बसल्यामुळे वाइनमधल्या फळाची गोडी उरत नाही. तिखटाच्या तुकड्यावर घोट घेतला की जळजळ वाढते. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतो, म्हणून वाइननं तिखट शमत नाही, भडकतं. पाणी पीत शेवटी तुपाच्या भाकरीकडे या. चांगला चावून घोट घ्या. हिरड्यांवरचा कोरडेपणा बराच कमी जाणवेल.

म्हणजे मीठ आणि स्निग्धपणा शिराझचे मित्र, आंबट चालतं, गोड आणि जहाल तिखट मोडतं. पुढचं सगळं यावरून तुम्हीही काढू शकाल.

हे मला कळायला एक जेवण वाया गेलं होतं. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी मी झणझणीत तांबडा रस्सा केला आणि हौसेनं चांगली महाग रिझर्व्ह बाटली उघडली. पहिल्या भुरक्यानंतर घोट घेतला आणि दोन्हींची चव गेली. रस्सा नुसता जाळ झाला, वाइन नुसती कडू. पाहुणे सौजन्यानं काही बोलले नाहीत, पण सगळ्यांचे ग्लास अर्धे राहिले. त्या दिवशी तांबड्या रश्श्याबरोबर ताक आणि त्याच मटणाच्या सुक्याबरोबर वाइन दिली असती, तर काहीच बिघडलं नसतं.

मुख्य पदार्थ: वाइनसाठी केलेलं काळं मटण

एक किलो मटण घ्या, त्यात खांदा आणि चाप दोन्ही असावेत आणि थोडी चरबी ठेवायला सांगा. त्या चरबीवरच तुरटपणा मऊ होणार आहे. हळद, मीठ आणि दोन चमचे आलं-लसूण लावून तासभर मुरू द्या.

चार मध्यम कांदे सालासकट गॅसच्या जाळीवर ठेवा आणि फिरवत भाजा. वरची साल काळी होते, आतला कांदा मऊ होऊन त्याला गोडसर धूरकट वास येतो. काळी साल काढून टाका. अर्धी वाटी होईल एवढं सुकं खोबरं आचेवर धरून भाजा, आणि इथे घाई करू नका. खोबरं गडद तपकिरी झालं की थांबायचं. काळं ठिक्कर पडलं तर ते कडू होतं. नुसत्या रश्श्यात तो कडवटपणा खपून जातो, पण शिराझच्या तुरटपणाला तो मिळाला की तोंडात कोळसा चावल्यासारखं होतं. मसाल्याचं नाव काळं असलं, तरी वाटण काळसर तपकिरी हवं.

थोड्या तेलावर दोन चमचे धणे, दहा-बारा मिरी, पाच लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दोन मसाला वेलच्या, चमचाभर खसखस आणि मोठी चिमूट दगडफूल वेगवेगळं परता. दगडफूल शेवटी घाला, ते लगेच जळतं. मिरची बेडगी घ्या, पाच-सहा, बिया झटकून. रंग भरपूर येतो आणि तिखट बेताचं राहतं. नेहमी घालता ती लवंगी मिरची या दिवशी डब्यातच राहू द्या, मिरी मात्र हात सैल सोडून घाला. मिरीचा तिखटपणा वाइनला मिरचीइतका बाधत नाही, आणि तिचा वास वाइनमधल्या वासाला हाक देतो. कांदा, खोबरं आणि मसाला थोडं पाणी घालून गंधासारखं वाटा.

जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण वाटी शेंगदाणा तेल तापवून वाटण घाला आणि मध्यम आचेवर कडेनं तेल सुटेपर्यंत परता. पंधरा मिनिटं तरी लागतात. मटण घालून आणखी दहा मिनिटं परता, मग बेताचं गरम पाणी घालून झाकणावर पाणी ठेवून शिजवा. रस्सा पातळ करू नका. मसाला मटणाला लपेटून बसलेला हवा, कारण पातळ रश्श्याच्या भुरक्यानंतर वाइनचा घोट घ्यायला जिभेला सवड मिळत नाही. टोमॅटो, दही, साखर, काहीच नको. मीठ मात्र हलक्या हातानं घालू नका, नेमकं घाला.

बरोबर बाजरीची भाकरी आणि घरचं लोणी. कांदा मिठात चुरून, लिंबाचे दोन थेंब पिळून. ठेचा आणि लोणचं ताटात नकोच. भातावर काळा रस्सा घेण्याआधी वाइन संपवा, भाताबरोबर पाणी प्या.

जेवताना एक करून बघा. मटणाचा घास पूर्ण गिळून झाल्यावर दोन-तीन क्षण थांबा आणि मग घोट घ्या. तोंडात उरलेल्या खोबऱ्याच्या तेलावरून वाइन गेली की आधी जांभळासारखं फळ आणि मागून मिरी येते. घास तोंडात असताना घोट घेतला तर यातलं काही कळत नाही.

मटण नसेल तर

शाकाहारी घरात शिराझ अडत नाही, उलट कधी कधी जास्त खुलते. भरीत घ्या. खानदेशात मोठी वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजतात आणि त्या धुराची चव भरताला येते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. एरवी त्यात हिरव्या मिरच्या भरपूर पडतात, तिथे दोनच घाला आणि लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात नि कच्चं-पक्कं तेल नेहमीसारखं. गॅसवर भाजलं तरी चालेल, पण वांगं सगळीकडून करपेपर्यंत धीर धरा. ही जोडी मला मटणाइतकीच आवडते.

भरली वांगी करणार असाल तर शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं आणि गोडा मसाला ठेवा, गूळ वगळा. चिंच थोडी चालेल. मालवणी काळ्या वाटाण्याचं सांबारं पिठूळ, दाट आणि भाजक्या वाटणाचं असतं, तेही उत्तम. सुरणाचे काप, फणसाची सुकी भाजी आणि पावसाळ्यात मिळणारी अळंबी तव्यावर मिरी-मिठात परतून, तीनही चालतात. मसालेभाताला तुपाची धार सोडली तर साधी, ओक नसलेली शिराझ त्याच्याबरोबर आनंदानं जाते.

पुणेरी गोडसर आमटी, पुरणपोळी, श्रीखंड यांच्याबरोबर नको. गुळाचा खडा आठवा. आणि नाशिकची म्हणून नाशिकच्या मिसळीबरोबर रेड उघडायचा मोह आवरा. तर्री, फरसाण आणि वर पिळलेलं लिंबू तिच्यावर कुरघोडी करतात. मिसळीला गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, किंवा किंचित गोडसर शेनँ ब्लाँ ही व्हाइट द्या.

मासे, कोंबडी आणि पोपटी

माशांचं थोडक्यात. रेड वाइनमधल्या लोहाचा माशांच्या तेलाशी संयोग झाला की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव उरते. बांगडा आणि तारली तेलकट, त्यामुळे तिथे ती सर्वांत जास्त. कोकणातलं माशांचं जेवण असेल तर व्हाइट घ्या आणि विषय संपवा.

कोंबडी वाटणावर अवलंबून आहे. ओल्या नारळाच्या दुधातली असेल तर व्हाइट. गावरान कोंबडी भाजक्या वाटणात सुकी केली असेल तर शिराझ, पण ओकविना. कोंबडी-वडे करताना वड्यांचं तळणीचं तेल इथे कामाला येतं.

पोपटीबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते. रायगडच्या बाजूला थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-मसाला लावलेली कोंबडी आणि ओवा-मीठ भरतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. उघडल्यावर पाल्याचा जो कडसर हिरवा वास येतो, तो मिरी-धुराच्या शिराझशी विलक्षण जमतो. तिखट जवळजवळ नसतं, मीठ भरपूर असतं, धूर असतो. शिवाय बाहेर गारवा असल्यामुळे बाटली फ्रिजविना हव्या त्या तापमानाला असते. पोपटीला साधी शिराझ घ्या, महागाची गरज नाही.

उरलेली बाटली

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस टिकते. न उघडलेल्या बाटल्या गॅसजवळच्या फळीवर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, तिथली ऊब त्यांना मारते. कपाटाचा खालचा, अंधारा कप्पा बरा. बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच सुकत नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी उरलेली शिराझ बाहेर काढून वीस मिनिटं तशीच ठेवा. रात्रभरात हवा लागून ती थोडी मऊ झालेली असते. काळं मटणही तोवर मुरून, वाटण आत शिरून आदल्या दिवशीपेक्षा सरस लागतं. ते मंद आचेवर गरम करा, पाणी घालू नका, आणि शिळी भाकरी लोण्यावर तव्यात कडक करून घ्या.